प्रमिलाकाकूंचं कपाळ

परवा माझ्या नवऱ्याने, श्रीरंगने, लॉफ्टमधून गौरींचं खोकं खाली उतरवलं आणि हॉलमध्ये ठेवलं. बाहेर ऊन होतं, पण ते ऑगस्टअखेरचं, अंगाला न लागणारं. मागच्या कुंपणावरच्या ब्लॅकबेरी अर्ध्या काळ्या, अर्ध्या लाल. समोरच्या घरातली मुलं शाळेचे नवे बूट घालून फुटपाथवर चालून बघत होती. नॉटिंगहॅममध्ये भाद्रपद असाच येतो. पंचांग उघडायच्या आधी मला तो त्या बुटांच्या आवाजावरून कळतो.

खोक्यात जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेले दोन पितळी मुखवटे, कापूस भरलेले चार हात आणि अंगाच्या जागी दोन उंच दिव्यांचे स्टँड. हे स्टँड आम्ही इथे आल्याच्या दुसऱ्या वर्षी घेतले आणि वरच्या शेड काढून टाकल्या. साडी नेसवली की गौरी त्यावर अशा उभ्या राहतात की सांगितल्याशिवाय कोणाला कळत नाही. मुखवटे चिंचेच्या कोळाने घासताना हात आपोआप हलका होतो. नाकाची कड, नथीचं भोक, मग कपाळ. कपाळावरचं कुंकू कोरलेलंच आहे, आपण दर वर्षी फक्त त्यात रंग भरायचा. कपाळाशी आले की मी थांबते. श्रीरंगला ते माहीत झालं आहे. तो चहा टाकू का म्हणून विचारतो आणि उत्तराची वाट न बघता आत जातो.

मला त्या एका वर्षाच्या गौरी आठवतात. त्यांचा उलगडा अजून झालेला नाही, म्हणूनच बहुधा आठवतात.

त्या वर्षी मी चातुर्मासाचा नेम धरला होता. आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. शनिवारी सकाळी झूमवर जमतो. थोडं वाचन, थोडा जप, शेवटी कोणाच्या गुडघ्याचं काय झालं याची चौकशी. गटातले सगळ्यांत ज्येष्ठ जोशीकाका मेडनहेडला मुलाकडे असतात. आषाढात त्यांनी सुचवलं की वांगं आणि कांदा सोडणं आता पुरे. यंदा रोजच्या जपाबरोबर प्रत्येकाने एक सेवा घ्यावी, आणि ती मनाला नकोशी वाटणारी असावी. आवडीची सेवा ही करमणूक असते असं त्यांचं म्हणणं. लंडनच्या पिनर भागातल्या एकीने पार्कमधला कचरा उचलायचं घेतलं. एका अबोल गृहस्थांनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज फोन करायचं घेतलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, गेलेल्या बायकांना शेवटची साडी नेसवायला मी जाईन.

स्क्रीनवरचे सगळे चौकोन गप्प झाले. त्या गप्प होण्याचा मला आनंद झाला, हे कबूल करायला हवं.

आमच्या देवळात कांताबेन नावाच्या एक गुजराती बाई आहेत. तेव्हा त्या पंचाहत्तरीच्या असतील. लहानपण युगांडात, कंपालाला गेलं, तरुणपणी एका सुटकेसनिशी इथे आल्या आणि होजियरीच्या कारखान्यात शिवणाच्या मशीनवर बसल्या. खूप वर्षांपूर्वी त्यांची नणंद गेली, तेव्हा अंत्यविधीच्या ऑफिसातल्या माणसांनी अगदी चांगल्या मनाने, पण चादर गुंडाळावी तशी साडी गुंडाळून वर रिबीन बांधली होती. कांताबेनना ते बघवलं नाही. तेव्हापासून गावातली कोणी हिंदू बाई गेली की त्या स्वतः जायच्या. गावातल्या सगळ्या फ्युनरल डिरेक्टरांकडे त्यांचा नंबर होता. बायका कमी पडतात म्हणून त्यांनी देवळाच्या बोर्डावर कागद लावला होता आणि त्याच्यावर सहा महिन्यांत एकही नाव आलं नव्हतं. माझं पहिलं.

श्रावणात दोनदा मी त्यांच्याबरोबर गेले. काम काही केलं नाही, पिना हातात धरून उभी राहिले. पहिल्या वेळी वाटलं होतं त्याहून खोली स्वच्छ होती आणि थंडी जास्त. आपण कितीही मनाची तयारी केली तरी पहिल्यांदा हाताला लागतो तो गारवा. कांताबेन कामाला लागायच्या आधी त्या बाईच्या कानाशी वाकून सांगायच्या की आता आम्ही तुला हात लावतो आहोत, घाबरू नकोस. मग ब्लाऊज मागून उभा कापायचा, बाह्या पुढून घालायच्या. निऱ्या आधीच टेबलावर करून ठेवायच्या. अर्धी साडी अंगाखाली सरकवायची. जेमा नावाची तिथली मुलगी कुशीवर वळवायला मदत करायची.

आणि एक गोष्ट घडली, जी मी गटात कोणाला सांगितली नाही. घरी देवापुढे बसून मी रोज तीन माळा करायचे आणि त्या तीन माळांत माझं मन दूध संपलं इथपासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळीकडे फिरून यायचं. त्या थंड खोलीत मात्र ओठांत नाम सुरू झालं ते कुठेही गेलं नाही. तासभर नुसतं नाम आणि हात. बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर मला इतकं शांत वाटलं की त्याची भीती वाटली. ही साधना म्हणायची की नुसती धास्ती, हे तेव्हाही कळलं नाही, आजही सांगता येत नाही.

मग गौरी आल्या. आवाहनाच्या दिवशी मी दारापासून हळदीकुंकवाची पावलं काढत आत येत होते. मुलगी ईशा रजा घेऊन मँचेस्टरहून आली होती आणि मुखवटे घेऊन माझ्यामागून चालत होती. गौर आली, कशाच्या पावलाने आली, हे तिला बाकी सगळं मराठी अडखळत असलं तरी बरोबर येतं. दुपारी दोघींना साड्या नेसवून झाल्या, थोरलीला जांभळी, धाकटीला मोरपिशी, आणि मी खाली बसून पदराच्या पिना लावत असताना कांताबेनचा फोन आला. मनगट मोडलंय, प्लास्टर आहे, म्हणाल्या. एक बाई गेल्या आहेत. क्रेमेटोरियमचा एक स्लॉट अचानक रिकामा झाला, तो परवाचा मिळालाय. साडी उद्या सकाळी दहाला नेसवायची आहे. बाई महाराष्ट्रीयन आहेत. आमच्यासारखा पदर उजव्या खांद्यावरून पुढे नाही आणायचा ना तुमच्यात, असंही त्यांनी विचारलं. मग नाव सांगितलं.

प्रमिलाकाकू.

काकूंना मी वीस वर्षं ओळखत होते. बीस्टनला राहायच्या. इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पोळ्यांच्या टेबलाशी असायच्या. मुलगा नितीन एकुलता, इथेच जन्मलेला, पन्नाशीकडे झुकलेला. काका जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. काका होते तोवर काकू दर वर्षी माझ्या गौरींच्या हळदीकुंकवाला यायच्या. काका गेले त्या वर्षी मी त्यांना बोलावलं नाही. असं काही ठरवून केलं नव्हतं. बोलावलं तर त्यांना अवघड होईल असं वाटलं, नाही बोलावलं तर लागेल असंही वाटलं, आणि या दोन्ही वाटण्यांमध्ये हळदीकुंकवाचा दिवस उलटून गेला. दुसऱ्या दिवशी मी डब्यातून पुरणपोळ्या पाठवल्या. डबा घासूनपुसून, आत साखर घालून परत आला. पुढच्या वर्षी तसंच. मग ती पद्धतच पडली. त्या काही बोलल्या नाहीत आणि त्या बोलत नाहीत म्हणून मला बरं वाटत राहिलं.

फोन ठेवल्यावर पहिला प्रश्न मनात आला तो हा की घरात गौरी असताना प्रेताला हात लावायचा का. साताऱ्याच्या माझ्या थोरल्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, विचारतेस काय, गौरी उठेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नकोस. पुण्याच्या गुरुजींना मेसेज केला. त्यांनी लिहिलं की नात्यातलं कोणी नसेल तर सुतक नाही, सचैल स्नान केलं की झालं. जोशीकाकांना विचारलं तर ते म्हणाले, नेम तुझा आहे. श्रीरंगने तुला काय वाटतं ते कर असं सांगितलं, जे तो गेली तीस वर्षं सांगतो. शेवटी ईशा पुरणासाठी डाळ धुवत होती, ती न वळता म्हणाली, "आई, पण तू प्रॉमिस केला होतास ना? गौरी इज अ वुमन टू. तिला कळेल."

तिच्या वाक्यातलं व्याकरण सुधारावं की अर्थ घ्यावा, ते मला सुचेना. मी डाळ शिजायला लावली.

पूजनाच्या दिवशी मी पहाटे उठले, तीन माळा केल्या, पुरण वाटून ठेवलं, सोळा भाज्यांपैकी जेवढ्या इथे मिळाल्या त्या चिरल्या आणि साडेनऊला गाडी काढली. वाटेत कांताबेनना घेतलं. प्लास्टरमधला हात त्यांनी पोटाशी मुलासारखा धरला होता. गाडीत त्या गुजरातीत काहीतरी गुणगुणत होत्या. मी नामाला लागायचा प्रयत्न केला, पण मला पुरणाच्या वाटणात जायफळ घातलं की नाही तेच आठवेना.

नितीन अंत्यविधीच्या ऑफिसच्या दाराशी पिशवी घेऊन उभा होता. कपाटात हाताला लागलं ते भरून आणलं होतं: वांगी रंगाची इरकल, ब्लाऊज, चष्मा, एक राखाडी कार्डिगन, आणि देवघरातला चांदीचा करंडा. अर्धा भरलेला. मला पिशवी देताना तो करंडा त्याने वेगळा काढून तळहातावर धरला.

"मीनाताई, आईला कुंकू लावायचा का?" तो म्हणाला. "मला आठवतच नाही ती लावायची की नाही. मी काल रात्रीपासून ट्राय करतोय. तुम्हाला आठवत असेल ना?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मलाही आठवत नाही.

वीस वर्षं. दर महिन्याचा पहिला रविवार, मंडळात शेजारी उभं राहून मी लाटायची आणि त्या भाजायच्या. त्यांच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग मला आठवत होता. बांगड्या सोन्याच्या दोन, त्याही आठवत होत्या. पोळी फुगली की त्या ओठ कसे मिटून घ्यायच्या तेही. डोळ्यांच्या वर मात्र काही नव्हतंच. काका असतानाचं मोठं कुंकू आठवत होतं, पण ते तेव्हाचं. नंतरच्या अकरा वर्षांच्या कपाळाकडे मी बघितलंच नव्हतं. बघायला नको म्हणून बघितलं नसेन.

मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून फोनमधले जुने फोटो उघडले. मंडळाच्या दिवाळीतला एक, त्यात त्यांची लोकरीची टोपी भुवयांपर्यंत. एकात मान खाली, पोळीवर. एकात चष्म्यावर खिडकीचा उजेड पडून अर्धा चेहरा पांढरा. एकात त्या अगदी कडेला आणि फोटो काढणाऱ्याने कपाळापासून वरचं कापून टाकलेलं. तो फोटो मीच काढला होता. मग दोघी मैत्रिणींना फोन केले. सुधा म्हणाली, लावायच्या की, बारीक काळी टिकली, बहुतेक. विद्या म्हणाली, छे गं, कधीच नाही, त्या फार जुन्या वळणाच्या होत्या. दोघींच्या आवाजात सारखीच खात्री होती.

कांताबेन सगळं ऐकत होत्या. त्यांची रीत ठरलेली होती. नवरा असलेलीला कुंकू, नसलेलीला चंदन. इतकी वर्षं त्यांनी तसंच केलं होतं आणि कुठल्या घराने कधी काही म्हटलं नव्हतं. मला त्या क्षणी त्यांचा राग आला. माझ्या मनात एक भाषण तयार होतं, असल्या रीती आता आपणच मोडायला हव्यात, बाईचं कुंकू तिचं असतं, वगैरे. ते मी ईशाकडून ऐकलं होतं आणि मला पटलेलंही होतं. पण कांताबेन स्वतःच्या कपाळाला बोट लावून मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "मेरा वो गया तब मैंने खुद निकाला. किसी ने बोला नहीं था. मैं मरूँ और कोई मुझे लगाए, तो मुझे अच्छा नहीं लगेगा."

माझं भाषण तिथेच राहिलं. त्यांच्या कपाळाकडेही मी तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिलं. मोकळं, रुंद, तेलाने किंचित चमकणारं.

आत गेलो. जेमाने पडदा सरकवला. कांताबेन वाकल्या, पण मराठी बाईला मराठीतच सांगायला हवं म्हणून त्यांनी मला पुढे केलं. मी काकूंच्या कानाशी म्हणाले, "काकू, मी मीना. साडी नेसवतेय तुम्हाला." 

साडी नेसवताना माझे हात आदल्या दुपारचेच होते. तेवढ्याच निऱ्या, तशीच चिमूट, पदराला तीच घडी. आदल्या दिवशी लोखंडी स्टँडवर मी देवीला उभं केलं होतं आणि आज खरोखरच्या बाईला आडवं ठेवून नेसवत होते. यातलं कुठलं पूजन आणि कुठलं काम, असा प्रश्न एकदा मनात येऊन गेला. नाम त्या दिवशी लागलं नाही. मी ते धरायला जायचे आणि दर वेळी काकूंचं कपाळ मध्ये यायचं.

पदर डाव्या खांद्यावर लावून झाला. केस विंचरले. चष्मा नितीनने दिला होता, पण तो घालू नये असं कांताबेननी सुचवलं, तो हाताशी ठेवला. मग मी दिव्याखाली वाकून कपाळ बघितलं. वर्षानुवर्षं टिकली लावणारीच्या कपाळावर एक फिकट ठसा राहतो, तो शोधत होते. दोन भुवयांच्या किंचित वर एक डाग होता, मसुराएवढा, आजूबाजूच्या कातडीपेक्षा थोडा गडद. टिकलीच्या गोंदाचा असेल. वयाचाही असेल. त्या वयात गालावर, हातांवर तसे डाग असतातच, काकूंच्याही होते. मी चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं. जेमाने हलक्या आवाजात सांगितलं की साडेअकराला दुसरं कुटुंब येणार आहे, घाई नाही, फक्त कल्पना असावी म्हणून.

मी बाहेर जाऊन नितीनला म्हणाले, तू मुलगा आहेस, तू सांग.

"तुम्हीच ठरवा," तो म्हणाला. "तुम्ही पूजा वगैरे करता. तुम्हाला बरोबर काय ते माहीत असणार."

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. रोज तीन माळा करणाऱ्या बाईला बरोबर काय ते माहीत असतं, असं त्या पन्नाशीच्या माणसाला मनापासून वाटत होतं.

मी आत आले, उजव्या हाताचा ग्लव्ह काढला, करंड्यात अनामिका टेकवली आणि त्या डागावर कुंकू लावलं. फार लहान. डाग झाकला जाईल एवढंच. का लावलं? वीस मिनिटं विचार करून ठरवलं होतं असं म्हणता येणार नाही. अकरा वर्षं मी ज्या बाईला हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं, तिला आता, कदाचित तिच्या मनाविरुद्ध, मी कुंकू लावत होते, आणि ते तिच्यासाठी होतं की माझ्यासाठी, हे बोट उचलायच्या आधीच मला संशयास्पद वाटायला लागलं होतं. पुसून टाकावं असं वाटलं. पण मेलेल्या बाईच्या कपाळावरचं कुंकू पुसणारा हात माझा, या कल्पनेने मी मागे सरले. कांताबेननी डाव्या हाताने काकूंच्या ओठांवर तुळशीचं पान ठेवलं, गंगाजळाचे दोन थेंब सोडले.

परत येताना त्यांच्या दाराशी गाडी थांबवली तेव्हा सीटबेल्ट सुटेना, तो मी सोडवला. तेव्हा त्या म्हणाल्या की त्यांनी लावलं नसतं. पण मी लावलं ते चुकलं असंही त्यांना म्हणता येत नाही. मग आत गेल्या.

घरी येऊन डोक्यावरून अंघोळ केली. ओल्या केसांनीच पुरणपोळ्या लाटल्या, नैवेद्य दाखवला, आरती झाली. पुरणात जायफळ पडलं होतं. संध्याकाळी वीस-बावीस बायका हळदीकुंकवाला आल्या. दारात एकेकीला कुंकू लावायला मी पुढे झाले आणि पहिल्याच बाईच्या कपाळापाशी माझं बोट थांबलं. सकाळचा गारवा त्या बोटाच्या पेरात तसाच होता. मी करंडा ईशाच्या हातात दिला आणि दिव्यात तेल घालायचं निमित्त करून मागे गेले. तिथून मला नुसती कपाळं दिसत राहिली. काहींची ठळक, काहींची टिकलीची, विशीतल्या मुलींची बहुतेक मोकळी. त्या हसत पुढे वाकत होत्या आणि ईशा, जी स्वतः वर्षातून हा एक दिवस टिकली लावते, प्रत्येकीला अगदी मन लावून कुंकू लावत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरींचं विसर्जन, दुपारी काकूंचं. नितीनच्या घरी कॉफिन आणलं होतं, झाकण उघडून फुलं वाहायची होती. रांगेत माझ्या पुढे विद्या होती. ती वाकली, सरळ झाली आणि मागे वळून मला विचारलं, "कुंकू कोणी लावलं गं?" आवाज इतका सपाट होता की त्यात राग आहे, नवल आहे की आणखी काही, ते मला कळलं नाही. मी म्हणाले, मी. ती बरं म्हणाली आणि पुढे गेली.

निघताना नितीनने माझे दोन्ही हात धरले. डोळे सुजले होते. "थँक यू, मीनाताई. ती खूप छान दिसत होती," तो म्हणाला. हात सोडत म्हणाला, "थोडी वेगळी. पण छान."

ते "वेगळी" मी घरी घेऊन आले. मृत्यूने माणूस वेगळं दिसतंच, श्रीरंगने समजावलं. चष्मा नव्हता, असंही तो म्हणाला. दोन्ही खरं आहे. पण त्या दिवसानंतर मी कांताबेनच्या कागदावरून नाव खोडायचं ठरवलं आणि आश्विनापर्यंत तीनदा ते खोडायला म्हणून देवळात गेले. तिन्ही वेळा दर्शन घेऊन परत आले. चातुर्मास संपला तेव्हा झूमवर प्रत्येकाने आपापला अनुभव सांगितला. कचरा उचलणारी म्हणाली, मन स्वच्छ झालं. अबोल गृहस्थ म्हणाले, आता मलाच फोन येतात. मी म्हणाले, माझं काही ठरत नाही.  जोशीकाकांनी पुढच्या माणसाचं नाव घेतलं.

दुसऱ्या वर्षी मी हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलावलं. नवरा असलेल्या, नसलेल्या, लग्न न केलेल्या. पाच जणी अशा आल्या ज्यांना मी कधी बोलावलं नव्हतं. एकीने स्वतःच कपाळ पुढे केलं. एकजण माझं बोट जवळ येताच चटकन मान मागे घेऊन हसली आणि म्हणाली, "अत्तर लाव फक्त." एकीने फोनवरच नाही सांगितलं, इतकी वर्षं झाल्यावर आता कशाला, हे तिने म्हटलं नाही, पण मला ऐकू आलं. आपण काही सुधारलं असं मला त्या संध्याकाळी वाटलं नाही. फक्त प्रत्येकीपुढे बोट थांबवून तिच्याकडे बघायची सवय लागली.

कांताबेननी नंतर जाणं बंद केलं, गुडघे चालेनात. आता मी जाते, आणि माझ्याबरोबर आणखी दोघी. गुरुवारी देवळाच्या हॉलमध्ये वयस्कर माणसांचं जेवण असतं, तिथे मी वाढायला जाते आणि वाढून झालं की एक वही घेऊन बसते. विचारते, गेल्यावर तुम्हाला काय हवं, काय नको. सुरुवातीला जेवायला येणाऱ्यांतल्या दोघी माझ्यावर चिडल्या. एका बाईंनी ताट बाजूला सारलं आणि महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मग हळूहळू सांगायला लागल्या. एकीला नथ हवी. एकीला साडीच नको, ऑफिसला घालायची तो निळा ट्राउझर सूट, बत्तीस वर्षं बसने जाताना तोच घातलाय. एकीला लिपस्टिक, पण नवऱ्याला माहीत नसलेली छटा. कांताबेननी स्वतःच्या पानावर मला लिहायला लावलं: चंदन. खाली स्वतः सही केली. नितीनला मी वहीबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "गुड." आणि दुसरीकडे बघितलं.

काल ईशा आली. मी मुखवटे पुसत होते आणि ती टेबलावर पडलेली वही चाळत होती. मराठी अक्षरं तिला सावकाश लागतात, ओठ हलवत वाचते. शेवटपर्यंत गेली आणि पुन्हा पहिल्या पानावर आली.

"तुझं पान कुठे आहे?" तिने विचारलं.

मी म्हणाले, लिहीन कधीतरी.

"नाही, आत्ता सांग. मी लिहिते. माझा स्पेलिंग चुकेल, पण मी लिहिते." तिने पेन उघडलं. "कुंकू की टिकली की काहीच नाही? बाबा असतील तर काय, आणि बाबा नसतील तर काय?"

इतक्या बायकांना मी हेच विचारलं आहे आणि उत्तराची शांतपणे वाट बघितली आहे. माझ्या स्वतःच्या तोंडून मात्र काही निघेना. लावावं म्हटलं तर कोणासाठी, नको म्हटलं तर कोणाच्या विरोधात, आणि दोन्ही म्हणताना माझ्यातली बोलणारी नक्की कोण, ते मला सापडत नव्हतं. रोजच्या माळा तर चालूच आहेत. त्यांनी एवढं तरी सांगायला हवं होतं.

"लिहू नकोस," शेवटी मी म्हणाले. "नुसती नीट बघून ठेव मला."

मला वाटलं ती हसेल. तिने पेन बंद केलं, खुर्ची पुढे ओढली, माझ्या चेहऱ्यासमोर बसली आणि खरंच बघायला लागली. कपाळ, भुवया, कानाजवळचे पांढरे केस, पुन्हा कपाळ. डॉक्टर आहे ती. तिला बघायची सवय आहे. ती बघतच राहिली, आणि इतक्या जवळून कोणी आपल्याकडे बघत असताना आपण कुठे बघायचं असतं, ते मला कळेना.